शब्द टाकणाऱ्याला तोंडघशी पाडू नका: धंद्यासाठी ओळखी जोडताना या चुका टाळा

लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझा लहानसा गाळा आहे. मी खोके बनवते: मिठाईचे, फराळाचे, मसाल्याचे. छपाई बाहेरून करून घेते, पंचिंग (डाय म्हणजे साच्याने पुठ्ठा कापणं) आणि पेस्टिंग (खोकं चिकटवणं) आमच्याकडे होतं. गेल्या बारा वर्षांतली मोठी कामं आठवली, की जवळपास प्रत्येकामागे एक माणूस दिसतो. त्याने कुठेतरी, मी तिथे नसताना, माझं नाव घेतलेलं असतं. जाहिरातीतून आलेली कामं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

आजकाल याला नेटवर्किंग म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना शब्दप्रयोग आहे: शब्द टाकणे. 'मी शब्द टाकते' असं कोणी म्हणते तेव्हा ती स्वतःची पत तुमच्यासाठी पणाला लावते. काम फसलं तर तुमचं एक गिऱ्हाईक जातं, तिचं मात्र नातं दुखावतं. मी ज्या चुका केल्या आणि रोज इतरांना करताना बघते, त्यातल्या बऱ्याचशा हे विसरल्यामुळे होतात.

"आम्ही सगळंच करतो"

सुरुवातीला मला कोणी विचारलं, की मी सांगायची, "पॅकेजिंग आणि प्रिंटिंगचं सगळं काम करते." ऐकणारा मान डोलवायचा, कार्ड खिशात ठेवायचा आणि विसरायचा. त्यात त्याची चूक नव्हती. 'सगळं' ऐकल्यावर कोणाचाच चेहरा डोळ्यांसमोर येत नाही.

मग मी वाक्य बदललं: "घरगुती फराळ कुरिअरने पाठवणाऱ्यांसाठी खोके बनवते. चकली मोडत नाही, तेलाचा डाग बाहेर येत नाही, आणि दोनशे नगांपासून ऑर्डर घेते." बाकीची कामं मी सोडली नाहीत, फक्त ओळख करून देताना बोलणं थांबवलं. पुढच्या काही महिन्यांत तीन फोन आले आणि तिघींनीही सुरुवात केली ती "तुम्ही चकलीच्या खोक्यांवाल्या ना?" अशी. तुमच्या वाक्यात गिऱ्हाईक कोण, त्याची अडचण काय आणि कमीत कमी किती काम घेता, हे तीन धागे असले की ऐकणाऱ्याला आपोआप कोणीतरी आठवतं. वाक्य चालतंय की नाही, हे तपासायची सोपी रीत आहे. धंद्याबाहेरच्या माणसाला ते सांगा आणि आठवड्याने विचारा, मी काय करते? तो काय सांगतो ते शांतपणे ऐका.

आपल्याच गोतावळ्यात फिरत राहणं

आपल्याकडे ओळखी म्हटलं की नातेवाईक, सोसायटी, गावकरी मंडळ, गणपती मंडळ, शाळेचा ग्रुप. ही माणसं जिवाभावाची असतात, पण त्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याने ही नोकरी सांगितली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? वारंवार भेटणाऱ्याकडून कळलेले सुमारे १७ टक्केच निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. अशा माणसाचं वर्तुळ वेगळं असतं, म्हणून त्याच्याकडची बातमीही वेगळी असते. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, पण माझ्या ऑर्डरींच्या वहीत मला तेच दिसतं.

मग अशी माणसं शोधायची कुठे? स्वतःला एक प्रश्न विचारा: माझ्या गिऱ्हाइकाकडे माझ्या आधी कोण पोहोचतं? फराळाचा धंदा सुरू करणारी बाई खोक्यांकडे वळायच्या आधी अन्न परवान्याचे कागद करून देणाऱ्याकडे जाते, पदार्थांचे फोटो काढून घेते, कुरिअरवाल्याला दर विचारते. हे तिघे माझे खरे दुवे. मॉड्युलर किचनवाल्यासाठी ते नव्या इमारतीत सामान हलवून देणारे असतील, ट्यूशन क्लाससाठी शाळेबाहेरचा वह्या-पुस्तकांचा दुकानदार. आपल्याच धंद्यातल्या माणसांनाही टाळू नका. माझ्या शेजारच्या गाळ्यातले पाटील पाच हजार नगांच्या खालची ऑर्डर घेत नाहीत. त्या ऑर्डरी माझ्याकडे येतात, मोठ्या मी त्यांच्याकडे पाठवते.

ओळखीच्या दुव्याचं जुनं उदाहरण मुंबईतलंच आहे: गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीची चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली गेली. पुढे त्याचं 'लिज्जत' झालं. मला त्यात तो व्यापारी फार मोलाचा वाटतो. त्याच्याकडे रोज शेकडो गिऱ्हाइकं येत असणार, आणि पापड बिघडले असते तर ती आधी त्यालाच बोलली असती.

क्लबचे पैसे भरले, आता कामं येतील

दर आठवड्याला भेटणारे बिझनेस क्लब मुंबईत भरपूर आहेत. १९८५ साली इव्हान मिस्नर यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या बीएनआयच्या (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) शाखा इथे आहेत आणि एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सभासद हा त्यांचा नियम आहे. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी उभा केलेला सॅटर्डे क्लब आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र चेंबर, म्हणजे व्यापारी-उद्योजकांची संघटना, आहे. फायदा सगळीकडेच होऊ शकतो. पण वर्गणी भरली म्हणून कोणी तुमच्यासाठी शब्द टाकत नाही.

आधी पाहुणी म्हणून जाऊन या. खोलीतल्या किती जणांचं गिऱ्हाईक तेच आहे जे तुमचं, एवढंच मोजा. आणि आपली रेल्वे लाइन बघा. विरारहून सकाळी साडेसातच्या मीटिंगला दादर गाठायचं म्हणजे पहाटे घर सोडायचं. दोन महिने उत्साह टिकतो, मग दांड्या सुरू होतात आणि दांड्या मारणारी सभासद कोणाच्याही लक्षात राहत नाही. आपल्याच लाइनवरच्या, गाड्या बदलाव्या न लागणाऱ्या एका गटात दोन वर्षं नेमाने बसणं हे तीन गटांत अर्धवट असण्यापेक्षा चांगलं.

व्हॉट्सॲपचा मारा

ग्रुपमधले नंबर उचलून सगळ्यांना सुप्रभात आणि सोबत कॅटलॉग पाठवू नका. ब्रॉडकास्ट मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो, म्हणून आधी नंबर सेव्ह करावासा वाटेल असं काहीतरी घडायला हवं. भेटलेल्या माणसाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक साधी ओळ पाठवा, त्याच्याच बोलण्यातली: "काल ठाण्याच्या प्रदर्शनात भेटलो होतो, तुम्ही लाडूच्या खोक्यांचं वजन विचारत होता, ते तपासून कळवते." आणि मग खरंच कळवा. मी कार्डाच्या मागे पेनाने कुठे भेटलो आणि काय बोललो ते लिहून ठेवते. गाडीत बसल्या बसल्या होतं.

निरोप न देणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भांडुपच्या एका काकूंनी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका ऑफिसला माझं नाव सुचवलं. दिवाळीचे सहाशे खोके. लॅमिनेशनवाल्याकडे काम अडकलं आणि मला दोन दिवस उशीर झाला. मी ऑफिसला आधीच फोन केला, त्यांनी समजून घेतलं, माल गेला, पैसेही आले. मला वाटलं, निभावलं. काकूंना मात्र मी काहीच कळवलं नव्हतं. ऑफिसमधल्या मॅडमनी त्यांना सहज बोलून दाखवलं, "तुमच्या खोक्यांवाल्यांनी दोन दिवस लावले हो." काकूंचा मला फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "अगं, मला आधी सांगितलं असतंस तर मी बोलून ठेवलं असतं ना. मला त्यांच्याकडून ऐकावं लागलं." त्यानंतर तीन वर्षं त्यांनी कुठेही माझं नाव काढलं नाही.

उशीर सगळ्यांनाच होतो. काकू दुखावल्या, कारण मी त्यांना अंधारात ठेवलं. तेव्हापासून मी शब्द टाकणाऱ्याला चार वेळा निरोप देते: समोरच्याशी बोलणं झालं की, दर कळवला की, काही अडलं की लगेच, आणि काम संपल्यावर. काम मिळालं नाही तरी सांगते: "दर जमला नाही, पण माणसं चांगली आहेत, ओळख करून दिल्याबद्दल आभार." दोन ओळींचा मेसेज पुरतो. आणि आपल्याला झेपणार नाही असं काम असेल तर ओळखीचं आहे म्हणून घेऊ नका. भिडेखातर घेतलेलं काम दोन घरं बिघडवतं.

ओळखीत काय हिशोब करायचा?

करायचा. पहिल्याच दिवशी, लेखी. ओळखीतून आलेल्याला दर, ॲडव्हान्स आणि तारीख सांगायला जीभ रेटत नाही, मग उधारी थकते आणि मधल्या माणसाला दोन्हीकडून ऐकावं लागतं. मी म्हणते, "काकूंच्या ओळखीचे आहात म्हणून तुमचं काम रांगेत आधी घेते. दर सगळ्यांना सारखाच आहे, अर्धे पैसे डाय बनवायच्या आधी." सवलत वेळेत द्या, पैशांत नको. एकदा पाडलेला दर पुढच्या ओळखीच्यालाही द्यावा लागतो. ओळख करून देणाऱ्याला कमिशन द्यायचं असेल तर तेही आधीच ठरवा, आणि ते गिऱ्हाइकापासून लपवण्यासारखं असेल तर देऊच नका.

थकलेल्या पैशांसाठी कायद्याचा आधार हवा तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती ऑनलाइन आणि फुकट होते. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे वा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. बिलाच्या खाली उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापली, की कोणाला तोंडाने काही सांगावं लागत नाही.

काम येत नसेल तर अडतंय कुठे?

तीन महिन्यांच्या वहीत चार रकाने करा: किती जणांना भेटलात, किती चौकशा आल्या, किती जणांना दर दिला, किती ऑर्डरी झाल्या. भेटी भरपूर आणि चौकशा नाहीत, तर ओळख करून द्यायचं वाक्य तपासा किंवा बसता ती खोली बदला. चौकशा येतात पण दर द्यायची वेळच येत नाही, तर भलतंच गिऱ्हाईक येतंय. कमीत कमी किती काम घेता ते तुम्ही सांगत नसाल. दर देऊन गाडी थांबते, तर बहुतेकदा तुम्ही परत फोन केलेला नसतो. आणि एकेक काम होतं पण त्याच माणसाकडून दुसरं नाव येत नाही, तर निरोपांचं बघा.

वेळही बघा. अश्विनात फोन करून दिवाळीचं काम मागणारे मी दरवर्षी बघते. छपाई, लॅमिनेशन, पंचिंग, पेस्टिंग यांत दिवस जातात, आणि ऑफिसांची खरेदी बरीच आधी ठरते. मी ज्येष्ठ-आषाढात नमुने घेऊन फिरते, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तिळगुळाचं छोटं खोकं देते.

तुटलेली ओळख जोडायची असेल तर काम मागत जाऊ नका. गेल्या वर्षी आषाढात मी काकूंना फोन केला. म्हटलं, "काकू, त्या वेळी तुम्हाला कळवलं नाही, चूक माझी होती. आता लॅमिनेशन मी दोघांकडे विभागून देते, काम एकाकडे अडकून राहत नाही. काही मागायला फोन नाही केला." त्यांनी घरची चौकशी केली, नातवाचं सांगितलं. श्रावणात त्यांचाच फोन आला. कोणाकडे माझं नाव सुचवलं नव्हतं. स्वतःच्या फराळासाठी पन्नास खोके हवे होते, आणि तारीख विचारून घेतली.