ट्रान्झिशन तुमच्या गळ्यात पडलं तर

भोसरीतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो, लागून जेमतेम वर्ष झालेलं, आणि 2017 च्या दिवाळीनंतर साहेब म्हणाले आयएसओ 9001 चं (क्वालिटी मॅनेजमेंटचं स्टँडर्ड) ट्रान्झिशन करायचंय, 2008 च्या आवृत्तीवरून 2015 च्या आवृत्तीवर जायचंय, तू बघ. मुदत सप्टेंबर 2018 ची. मला वाटलं चिक्कार वेळ आहे.

पहिले पंधरा दिवस मी काय केलं, तर जुन्या क्वालिटी मॅन्युअलमधले क्लॉज नंबर (स्टँडर्डमधले कलम क्रमांक) बदलत बसलो. इंटर्नल ऑडिट 8.2.2 चं 9.2, कॅलिब्रेशन 7.6 चं 7.1.5, असं सगळं. मग स्टँडर्ड नीट वाचलं तर मॅन्युअलच बंधनकारक राहिलेलं नाही, नंबर जुळवायची सक्ती तर नाहीच नाही. एमआर, म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, हे पदही कंपल्सरी नाही (आमच्याकडे सगळं एमआरच्याच डोक्यावर, म्हणजे पर्यायाने माझ्या).

तर आधी तारखा उलट्या मोजा. ऑडिटर यायच्या आत नवीन स्टँडर्डप्रमाणे पूर्ण इंटर्नल ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेला लागतो, वर एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे नसलेल्या गोष्टी) निघाल्या तर त्या क्लोज करायलाही दिवस जातात. आमचं सर्व्हेलन्स, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांचं दरवर्षीचं ऑडिट, मेमध्ये होतं, त्यातच हे उरकायचं ठरलं, म्हणजे चिक्कार वेळेचे झाले सहा महिने.

गॅप ॲनालिसिस, म्हणजे नवीन स्टँडर्डच्या मानाने आपल्यात काय कमी आहे ते शोधणं, टेबलावर बसून करू नका. रिस्क रजिस्टर (धोक्यांची यादी) मी मित्राकडून ढापलं होतं, त्यात भूकंप होता, पूर होता, आमचे ग्राइंडिंगचे मामा तेवढे नव्हते. मामा आठ महिन्यांत रिटायर होणार, ग्राइंडिंग व्हील कधी ड्रेस करायचं (घासून परत धारदार करायचं) ते आवाजावरून ओळखायचे, आणि कुठल्या पार्टला किती कट द्यायचा ते खिशातल्या तेलकट डायरीत. 7.1.6 मध्ये ऑर्गनायझेशनल नॉलेज म्हणतात ते हेच, हे मला त्यांच्याशेजारी चहा पिताना कळलं.

डायरी काही ते देईनात, मग रोज अर्धा तास मशीनजवळ उभा राहून विचारून विचारून लिहून घेतलं आणि त्याची मराठीत सेटअप शीट केली.

(आता फेब्रुवारी 2024 च्या अमेंडमेंटने 4.1 मध्ये (कंपनीवर परिणाम करणाऱ्या गोष्टींचा क्लॉज) क्लायमेट चेंज आलंय, तिथेही ढापाढापी नको.)

ऑडिटरने मॅन्युअल उघडलंसुद्धा नाही. ती शीट घेऊन सरळ मामांच्या हाताखालच्या पोराकडे गेला आणि व्हील कधी ड्रेस करतोस विचारलं, पोराने धडाधड सांगितलं. एक मायनर एनसी आलीच, मायक्रोमीटरवरचा कॅलिब्रेशनचा स्टिकर निघून पडला होता.