श्रद्धाळू रुग्णाच्या उपचारांत घरच्यांनी काय करावे

धार्मिक कारणावरून घरातील माणूस औषधाला नको म्हणतो, तेव्हा त्याचा आक्षेप बहुधा एखाद्या ठरावीक गोष्टीपुरताच असतो, आणि ती गोष्ट कोणती हे शोधणे घरच्यांचे पहिले काम आहे. "औषध का घेत नाही?" असे दरडावण्यापेक्षा "यातले नेमके काय चालत नाही?" असे शांतपणे विचारावे.

उत्तर पुष्कळदा अगदी लहान निघते. बऱ्याच कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. प्राण्यांपासून बनलेले काहीही वर्ज्य मानणाऱ्याला किंवा डुकराचा अंश निषिद्ध मानणाऱ्याला ते गिळवत नाही. तेच औषध गोळी किंवा पातळ स्वरूपात मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र कॅप्सूल फोडून आतली पूड परस्पर देऊ नये, कारण काही औषधे पोटात सावकाश विरघळावीत म्हणूनच तशी तयार केलेली असतात.

उपवासाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने उपवासाच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटून मात्रा आणि वेळा बदलून घ्याव्यात, दिवसातून अनेकदा साखर तपासावी आणि ती 70 च्या खाली गेली तर उपवास तत्काळ सोडावा. कुराणात आजाऱ्याला रोजातून सवलत दिलेली आहे. ज्यू परंपरेतही जीव वाचवण्यासाठी योम किप्पूरचा उपवास मोडावाच लागतो. तरीही ही सवलत घेणे अनेक रुग्णांना कमीपणाचे वाटते, आणि तिथे डॉक्टरांच्या शब्दाला मर्यादा पडतात. रुग्ण ज्यांना मानतो अशा धर्मगुरूंच्या तोंडून तेच ऐकले की मनावरचे ओझे उतरते, म्हणून त्यांना आधीच आजाराची पूर्ण कल्पना द्यावी.

रक्त घेण्यास नकार देणाऱ्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांच्या बाबतीत ही पूर्वतयारी तर अनिवार्यच समजावी. शस्त्रक्रियेच्या पुरेशी आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञांना भेटून रक्तक्षय भरून काढण्यासाठी लोह देता येईल का, रक्तस्राव कमी करणारी औषधे वापरता येतील का आणि रुग्णाचेच वाहिलेले रक्त गाळून त्याला परत देणे त्याच्या श्रद्धेत बसते का, हे ठरवून रुग्णाचा निर्णय त्याच्याच सहीने लिहून ठेवावा.

छातीत दुखणे, अर्धे अंग लुळे पडणे, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर पूजा-प्रार्थना आटोपण्याची वाट पाहू नये. रुग्णवाहिकेतही प्रार्थना करता येते.

एक बारीकशी गोष्ट राहिली. एमआरआयच्या आधी ताईत किंवा क्रूस काढावाच लागतो. तो घाईघाईने कापून ट्रेमध्ये टाकला जातो, तेव्हा रुग्णाचा चेहरा कसा उतरतो, हे मी पाहिले आहे. आदल्या रात्रीच रुग्णाला स्वतःच्या हाताने तो सोडू द्यावा, स्वच्छ रुमालात बांधावा आणि त्याच्या विश्वासातल्या माणसाने तो बाहेर हातात धरून बसावे.