फुगलेले कपॅसिटर बदलले आणि संगणक सुरू झाला

वडिलांनी २००३ साली घेतलेला पेंटियम ४ संगणक बटण दाबताच दोन-तीन सेकंदांत बंद पडू लागला होता. रॅमचे संपर्क पुसले, दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहिला. फरक पडला नाही. मग टॉर्चच्या उजेडात मदरबोर्ड निरखला, तेव्हा प्रोसेसरच्या सॉकेटशेजारचे पाच कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे छोटे नळकांड्यासारखे भाग) फुगलेले दिसले आणि एकाच्या माथ्यावरच्या फुलीच्या आकाराच्या खाचेतून झिरपलेला द्रव तपकिरी होऊन वाळला होता. प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज स्थिर ठेवण्याचे काम या कपॅसिटरांचे असल्याने ते निकामी झाल्यावर संगणक टिकून चालणे शक्यच नव्हते.

त्याच मापाचे, म्हणजे ६.३ व्होल्ट आणि १५०० मायक्रोफॅरडचे, १०५ अंश तापमान सोसणारे व कमी अंतर्गत रोधाचे कपॅसिटर मी आणले. साधे कपॅसिटर येथे वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. खरी कसोटी जुने काढताना लागली, कारण बोर्डातील तांब्याचे थर उष्णता ओढून घेतात आणि २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने (डाग देण्याच्या तापत्या हत्याराने) सोल्डरचा, म्हणजे जोडणाऱ्या मऊ धातूचा, जोड वितळतच नाही. ६० वॉटचे आयर्न घेऊन, आधी थोडे ताजे सोल्डर लावल्यावरच जुन्या कपॅसिटरांचे पाय सुटले. कपॅसिटरवरचा ऋण बाजू दाखवणारा पट्टा तपासून नवे बसवले. त्या संध्याकाळी संगणक पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला आणि चार तास अखंड चालला.