रास्पबेरी पाय ४ : गेम अडखळतो, कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर जुने गेम थोडा वेळ नीट चालायचे. मग आवाज तुटायचा, चित्र अडखळायचं आणि वर उजव्या कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह यायचं. एम्युलेटर (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) बदलला, रिझोल्यूशन कमी केलं, पंखा लावला. काही फरक नाही; अगदी वैताग आला.

ते चिन्ह उष्णतेचं नसून कमी व्होल्टेजचं आहे. पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टखाली गेला की प्रोसेसरचा वेग आपोआप उतरतो. मोबाइलच्या चार्जरवर मोठा आकडा असला तरी लांब, बारीक केबलमध्ये व्होल्टेज उतरतंच.

आधी मेनूतून शटडाउन करा, मगच प्लग काढा. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा, केबल जोडूनच येणारा यूएसबी-सी अडॅप्टर लावा. पायला हार्ड डिस्क जोडलेली असेल तर ती स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या यूएसबी हबवर हलवा, म्हणजे ती पायची वीज ओढणार नाही. मग तोच गेम अर्धा तास चालवून पाहा. माझ्याकडे चिन्ह परत आलेलं नाही.