नेपाळच्या शाळेतून परतताना वर्गाचा निरोप कसा घ्यावा

परदेशात इंग्रजी शिकवायला जाणारे जाण्याची तयारी जोरात करतात, परतण्याची मात्र कोणीच करत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झाले आणि मग पोखऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला राहिले. आता बेळगाव, निपाणीकडची पोरं-पोरी जाण्याआधी विचारायला घरी येतात. त्यांना मी पहिल्यांदा निघण्याबद्दलच सांगते: मुलांचा निरोप घ्यालच, पण त्याआधी वर्ग तिथल्या शिक्षकाच्या हाती नीट सोपवा.

निघायची तारीख निदान महिनाभर आधी सांगून टाका, आणि तीही त्यांच्या पंचांगातली. तिथे भिंतीवर विक्रम संवताचं कॅलेंडर असतं. आपलं २०२४ म्हणजे त्यांचं २०८०-८१. नोव्हेंबर म्हटलंत तर मोठी माणसं हिशेब करतील, पण पहिली-दुसरीतल्या लेकरांना 'मंसिर' म्हटलं तरच कळतं. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होऊन चैत्रात संपतं. वर्षअखेर गाठता आली तर उत्तम.

दशैंच्या सुट्टीला लागून मात्र निघू नका. दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा. आपण घटाशी धान्य पेरतो तसं ते जमरा उगवतात आणि दशमीला थोरांच्या हातून टिका लावून घेतात. सगळं गाव त्या गडबडीत असतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी हात हलवून निघालात तर मुलांना वाटतं, सुट्टी संपली की मिस येणार. मग शाळा उघडल्यावर ती वाट बघतात. सुट्टीनंतर परत जा, थोडे दिवस शिकवा आणि मग निघा.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो सोपवण्याला. बाई बदलून गेल्या आणि जागा रिकामी राहिली की दोन वर्ग एकत्र बसवतात आणि शिकलेलं मागे पडतं, हे आमच्याकडे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून मी तिथल्या मॅडमसाठी एक वही केली. कोणता धडा कुठवर झाला, कोणाला वाचता येतं पण बोलायला लाज वाटते, कोणाला पुढच्या बाकावर बसवावं लागतं, असं मुलागणिक लिहिलं. खेळ, गाणी, रोजचे प्रश्न वेगळ्या पानांवर. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली उच्चार लिहून ठेवता आला: 'व्हेअर डू यू लिव्ह?', 'व्हॉट डिड यू ईट?' हा फायदा मराठी माणसाला आयता मिळालाय, तो जरूर घ्या.

वही देऊन मात्र भागत नाही. शेवटचे पंधरा दिवस फळ्यापाशी मॅडमना उभं करा आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. सुरुवातीला मॅडमनी प्रश्न विचारला की सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायचा. मी वहीत डोकं घालून लिहीत राहायची. त्यांच्या उच्चारात काही राहिलं तर मुलांसमोर बोलायची नाही, मधल्या सुट्टीत चहाच्या वेळी सांगायची. हळूहळू माना वळायच्या थांबल्या. हे बघताना जीव थोडा तुटतो, पण याच्यासाठीच तर आपण गेलेलो असतो.

मुलं विचारतातच, "मिस, फेरि आउनुहुन्छ?" परत येणार का? ठरलेलं नसेल तर हो म्हणू नका. लहान लेकराचा चेहरा बघून 'हो' तोंडावर येतं, पण ते गिळा. "ठरलेलं नाही, पण फोटो नक्की पाठवीन," एवढंच सांगा आणि ते पाळा.

भेट द्यायची ती शाळेला द्या: शब्दकोश, तक्ते, गोष्टींची पुस्तकं. एकेका मुलाला वेगळं काही दिलं की ज्याला मिळालं नाही तो घरी जाऊन रडतो. प्रत्येकाला त्याचं नाव हाताने लिहिलेलं कार्ड मात्र द्या, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरातून उतरवा.

बिदाइ कार्यक्रम आपल्या निरोप समारंभासारखाच. शाल-श्रीफळाच्या जागी टिका, सयपत्रीच्या म्हणजे झेंडूच्या माळा आणि खादा, म्हणजे मानाने गळ्यात घालतात ते उपरण्यासारखं वस्त्र. खादा वाकून घ्या. माळा कितीही जड झाल्या तरी कार्यक्रम संपेपर्यंत काढू नका. भाषण चार वाक्यांचं, निदान दोन नेपाळीत, मॅडमकडून आधी तपासून घेतलेली. डोळे भरून आले तर येऊ द्यात. शनिवारी शाळा बंद असते, म्हणून कार्यक्रम शुक्रवारी ठेवू द्या आणि शनिवार ज्या घरी राहिलात त्या माणसांना द्या. मी जाताना गोकाकच्या करदंटाचा एक डबा त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. डिंक, गूळ, सुकामेवा असल्यामुळे टिकतं. घरातल्या आमाबरोबर, म्हणजे आईबरोबर, चुलीपाशी बसून खाल्लं, ते कार्यक्रमापेक्षाही मोठं होतं.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच फोटो छापून घ्या आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवा. मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला लावू नका. मुलांशी बोलायचं ते शाळेच्या फोनवरून, मॅडमच्या सवडीने. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे पाव तास असतं, तेवढं ध्यानात ठेवा. मुलांनी इंग्रजीत दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्यातल्या चुका दुरुस्त करत बसू नका. ते आता मॅडमचं काम. तुम्ही त्याच दिवशी उत्तर लिहा.