अंगावरून जातंय, पण अंगावर काढू नका: पाळी जाण्याआधीचा अति रक्तस्राव

चाळिशीनंतर पाळीचं वेळापत्रक बिघडतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. म्हणूनच दर तासाला पॅड बदलावं लागत असलं तरी 'या वयात असं होतंच' म्हणून ते सोसलं जातं. पाळी मागेपुढे होणं या वयात अपेक्षित आहे. जिना चढताना धाप लागावी इतकं रक्त जाणं मात्र कुठल्याच वयात अपेक्षित नाही. त्यावर उपाय बरेच आहेत, आणि गर्भाशय काढणं ही त्यातली अगदी शेवटची पायरी. सुरुवात मोजण्यापासून करायची.

इतकं का जातं

एरवी दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतं आणि त्यानंतर प्रोजेस्टेरॉन तयार होतं. गर्भाशयाच्या अस्तराची वाढ थांबवणं आणि ते वेळेवर, एकसारखं पडू देणं हे या हार्मोनचं काम. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत काही महिने बीज बाहेरच पडत नाही. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं, पण त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. शेवटी जाड झालेलं अस्तर कुठून थोडं, कुठून जास्त असं तुकड्यातुकड्यांनी सुटू लागतं. 'दोन महिने आलीच नाही, आणि आली ती थांबेना' हे यामुळेच होतं.

गुठळ्यांचं कारणही साधं आहे. गर्भाशयातलं रक्त पातळ ठेवण्याची शरीराची सोय असते, पण प्रवाह जोराचा असला की तिला वेळ पुरत नाही. सकाळी उठून उभं राहिल्यावर एकदम लोंढा येतो, कारण आडवं असताना योनीत साठलेलं रक्त एकदम बाहेर पडतं. एखाद्या लोंढ्याने घाबरून जायला नको. पाहायचं ते पुढच्या दोन तासांत काय होतं.

सगळंच हार्मोनवर ढकलता येत नाही. पाळी घड्याळासारखी नियमित आहे, फक्त प्रमाण वाढलंय, तर फायब्रॉइडचा (गर्भाशयाच्या स्नायूतली, कर्करोग नसलेली गाठ) किंवा अस्तर स्नायूत शिरण्याचा म्हणजे अॅडिनोमायोसिसचा संशय आधी घ्यावा. अॅडिनोमायोसिसमध्ये बहुधा दुखतंही खूप. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर डाग पडत असतील तर पॉलिप (अस्तरातून वाढलेला मऊ कोंब) आणि गर्भाशयमुख तपासायला हवं. वयात आल्यापासूनच जास्त जात असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबलं नसेल, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग उठत असतील, तर रक्त गोठण्याचाच दोष असू शकतो. थायरॉइड, तांब्याची कॉपर-टी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हीसुद्धा नेहमीची कारणं. अस्तराची अतिवाढ किंवा कर्करोग यांचं प्रमाण कमी असतं, पण पंचेचाळिशीनंतर ते तपासूनच बाजूला ठेवायचं असतं.

किती जातंय ते मोजा

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर तो अति रक्तस्राव. घरी मिलिलिटर मोजत कोण बसणार, म्हणून डॉक्टरांमध्ये एक गुणपद्धत रूढ आहे. थोडासा डाग लागलेल्या पॅडला १ गुण, अर्ध्याच्या आसपास भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. टॅम्पॉनला (योनीत बसवायचा कापसाचा बोळा) याच क्रमाने १, ५ आणि १०. लहान गुठळीला १, मोठीला ५, आणि कपड्यांपर्यंत गळती झाली की प्रत्येक वेळी ५. संपूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली तर अति रक्तस्राव समजायचा.

यात एक फसगत होते. ही पद्धत साध्या पॅडवर बेतलेली आहे. रात्रीचं लांबरुंद, जेल भरलेलं पॅड 'अर्धं' भिजलं तरी त्यात साध्या पूर्ण पॅडइतकं रक्त मावू शकतं. म्हणून मोजण्याच्या महिन्यात शक्यतो एकाच प्रकारचं पॅड वापरा. मासिक पाळीचा कप वापरत असाल तर काम आणखी सोपं, कारण बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणा असतात. ओतण्याआधी आकडा पाहायचा आणि लिहायचा.

दोन-तीन पाळ्यांची अशी नोंद घेऊन गेलात तर डॉक्टरांशी बोलणं मुद्द्यावर येतं. 'खूप जातं' या वाक्यावर कुणी काय ठरवणार? 'दुसऱ्या दिवशी ९ पॅड, त्यातली ६ पूर्ण, रात्री दोनदा उठले, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या ४' यावरून मात्र उपचार ठरवता येतो.

थांबायचं नाही अशी वेळ

सलग दोन तास, तासाला एक किंवा जास्त पॅड पूर्ण भिजत असेल तर त्याच वेळी दवाखाना गाठा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, बसल्याजागी धाप किंवा धडधड असेल तर पॅड मोजत बसू नका. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कुणाला तरी सोबत घ्या. आणि हो, गरोदरपणाची चाचणी करून घ्या. पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस राहू शकत नाहीत असं नसतं. चुकलेल्या पाळीनंतरचा मोठा रक्तस्राव गर्भपाताचा किंवा गर्भाशयाबाहेरच्या गर्भाचाही असू शकतो.

तपासण्या

हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि सोनोग्राफी, शक्यतो योनीमार्गे. जमत असेल तर सोनोग्राफी रक्तस्राव थांबल्यावर लगेचच करावी. तेव्हा अस्तर सर्वांत पातळ असतं आणि पॉलिप नीट दिसतो. अहवालात 'अस्तर १२ मिलिमीटर' असं वाचून धसका घेऊ नका. ४ मिलिमीटरची मर्यादा पाळी पूर्ण गेलेल्यांसाठी आहे. पाळी चालू असताना जाडी चक्राप्रमाणे बदलत राहते.

वय ४५ च्या पुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला, म्हणजे बायोप्सीला, सहसा सांगितलं जातं. वजन बरंच जास्त, मधुमेह, पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनशी निगडित विकार), टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी, घरात गर्भाशयाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग, यातलं काही असेल तर त्याआधीही. बारीक नळीने केलेली बायोप्सी काही मिनिटांत होते. त्या वेळी जोराची कळ येते, म्हणून वेदनाशामक तासभर आधी घेण्याबद्दल विचारून ठेवा.

लोह: ज्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं

हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून लोह पुरेसं आहे, असं होत नाही. शरीर आधी साठा संपवतं आणि मग हिमोग्लोबिन घसरू लागतं. साठा कळतो फेरिटिनवरून. तो मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असूनही थकवा, केस गळणं, रात्री पायांची चुळबुळ, बर्फ चघळावासा वाटणं हे सगळं होऊ शकतं. उलट अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन फसवं वाढतं, म्हणून आजारपणात ही तपासणी करू नये.

गोळी घेताना पाकिटावरचा कुठला आकडा पाहायचा हे कळायला हवं. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम असतं, फेरस ग्लुकोनेटच्या ३०० च्या गोळीत फक्त ३५. पाहायचा तो प्रत्यक्ष लोहाचा, म्हणजे 'एलिमेंटल आयर्न'चा आकडा. दिवसाला एकच गोळी, किंवा पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड. दिवसातून तीनदा घेतल्याने तिप्पट फायदा होत नाही. एका गोळीनंतर हेप्सिडिन नावाचं हार्मोन साधारण दिवसभर वाढलेलं राहतं आणि ते पुढचं लोह शोषू देत नाही. जास्तीच्या गोळ्यांनी वाढते ती फक्त बद्धकोष्ठता.

गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्या. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान दोन तास लांब, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी चुकीच्या वेळी घेतली जातेय, शोषली जात नाही किंवा येतंय त्याहून जास्त जातंय. अशा वेळी शिरेतून लोह देता येतं. आकडा सुधारला की गोळ्या थांबवायची घाई होते आणि तिथेच चूक होते. साठा भरायला त्यापुढे आणखी तीनेक महिने लागतात.

औषधं: काय, कधी, कुणी नाही

मात्रा डॉक्टरांशी बोलताना कामी याव्यात म्हणून दिल्या आहेत. स्वतः सुरू करण्यासाठी नाहीत.

ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड झालेली गुठळी विरघळू देत नाही. नेहमीची मात्रा ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत, फार तर ४ दिवस. रक्तस्राव साधारण ४० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. हे हार्मोन नाही, त्यामुळे पाळीची तारीख बदलत नाही. 'फरक पडला नाही' म्हणणाऱ्यांनी बहुधा तिसऱ्या दिवशी, सगळं जाऊन झाल्यावर गोळी सुरू केलेली असते. जोर धरल्याबरोबर पहिली मात्रा घ्यायची. पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, फिट येत असतील तर हे औषध नको. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते.

मेफेनॅमिक अॅसिड ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणानंतर. रक्त कमी जातं साधारण पाव ते एक तृतीयांश, पण दुखणंही थांबतं. त्यामुळे कळा येणाऱ्यांना सोयीचं. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टाळा. अॅस्पिरिन दुखण्यासाठी घेऊ नका, त्याने रक्त उलट जास्त जातं.

नॉरएथिस्टेरॉन ही 'पाळी थांबवायची गोळी' म्हणून ओळखली जाणारी. चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १० दिवस असा नेहमीचा क्रम. गोळ्या संपल्यावर दोन-चार दिवसांत पुन्हा पाळी येते, तेव्हा औषध फसलं असं समजू नका. अस्तर ठरवून पाडलं जातंय. उलट रक्त थांबलं म्हणून चौथ्या दिवशीच गोळी सोडली तर ते पुन्हा सुरू होतं, कधी पहिल्याहून जोरात. बायोप्सी न करता महिनोन्महिने हीच गोळी घेत राहणं तर अगदी वाईट, कारण मूळ आजार मागे झाकला जातो.

गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल, ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेलची, सर्वांत परिणामकारक. रक्तस्राव ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत घटतो आणि गर्भनिरोधन आपोआप होतं. पुढे घामाच्या लोटांसाठी इस्ट्रोजेन घ्यायची वेळ आली तर प्रोजेस्टेरॉनचं कामही तीच करते. अडचण पहिल्या तीन ते सहा महिन्यांची. या काळात थोडे थोडे डाग सतत पडत राहतात आणि कंटाळून कॉइल काढून टाकली जाते. सहा महिने थांबायची तयारी असेल तरच बसवा. फायब्रॉइडमुळे गर्भाशयाची पोकळी वाकडी झाली असेल तर कॉइल निसटू शकते.

निवड करताना वयाचा विचार जरूर करा. पन्नाशीला टेकलेल्या बाईला काही पाळ्यांपुरतं ट्रॅनेक्झॅमिक पुरेल. बेचाळिशीत हे सुरू झालं असेल तर पुढची कितीतरी वर्षं गोळ्या मोजण्यापेक्षा कॉइल बरी.

नुसतं क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडून काढणं, हा उपचार नव्हे. तपासणीसाठी तुकडा मिळतो हे खरं, पण पुढच्या चक्रात अस्तर पुन्हा तयार होतं. पॉलिप किंवा पोकळीतला फायब्रॉइड दुर्बिणीने काढता येतो. अस्तर जाळण्याची शस्त्रक्रिया मूल नको असलेल्यांसाठीच आहे, आणि त्यानंतरही गर्भनिरोधक लागतंच, कारण तशा गर्भाशयात राहिलेला गर्भ धोक्याचा असतो. गर्भाशय काढायचं ठरलंच तर अंडाशय ठेवणार की काढणार, हे सही करण्याआधी स्पष्ट विचारा.

जास्त जाण्याचे दोन-तीन दिवस

टॅम्पॉन किंवा कप आणि बाहेरून पॅड, असं दुहेरी संरक्षण घ्या. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. कॉइल असेल तर कप काढताना तो नुसता ओढू नका. आधी बूड दाबून हवा आत जाऊ द्या, नाहीतर कॉइलही बाहेर येऊ शकते.

रात्री मागे लांब असलेलं पॅड, त्यावर पाळीची अंतर्वस्त्रं, आणि चादरीखाली पाणी न झिरपणारं कापड. उठताना कुशीवर वळा, क्षणभर बसा, हाताशी ठेवलेला गडद टॉवेल मांड्यांत धरा आणि मग उभ्या राहा. लोंढा टॉवेलवर येतो आणि चक्करही टळते. डाग लगेच गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन कापडात घट्ट बसतं. पांढऱ्या कापडावर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, रंगीत कापडाचा मात्र रंग उडतो.

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर पडलेला एकही डाग, गुलाबीसर असला आणि एकदाच पडलेला असला तरी, आठवड्याभरात दाखवायचा.