ऑटोमॅटिक हॅचबॅक दुसरी गाडी म्हणून घेताय? बेळगावकरांनी या चुका टाळा

आमच्या घरची पहिली गाडी डिझेल, मॅन्युअल, सात माणसं बसणारी. खानापूरच्या शेतावर खताची पोती न्यायला तीच, लग्नकार्याला तीच. पण टिळकवाडीतून मुलीला कॅम्पात शाळेला सोडायचं, तिथून शहापुरात आईकडे डोकवायचं आणि येताना गणपत गल्लीतला बाजार करायचा, तर त्या गाडीचा क्लच दाबून दाबून बायकोचा डावा गुडघा धरायचा. म्हणून दुसरी गाडी हवी होती. लहान, ऑटोमॅटिक, बिनत्रासाची आणि रविवारी पहाटे जांबोटीच्या रस्त्याला काढली तर चालवताना मन खूश व्हावं अशी.

ती गाडी आम्ही दोनदा घेतली. पहिली चौदा महिन्यांत विकावी लागली. त्यानंतर नात्यातले, गल्लीतले बरेच जण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले आणि प्रत्येक वेळी दिसलं की चुका त्याच त्या होतात.

'ऑटोमॅटिक आहे का?' एवढंच विचारणं

या प्रश्नाला 'आहे की' असं उत्तर मिळतं आणि बोलणं लगेच रंगाकडे नि टचस्क्रीनकडे वळतं. पण ऑटोमॅटिक या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. त्यांच्या सवयी वेगळ्या, दुखणी वेगळी, दुरुस्तीचा खर्च तर फारच वेगळा.

एएमटी म्हणजे आपला नेहमीचा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं पायाहाताऐवजी यंत्र करतं. मारुतीने २०१४ साली सेलेरिओत ते आणलं आणि ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज स्विफ्ट, बलेनो, इग्निस, वॅगनआर, टियागो, आय१० निऑस या सगळ्यांत हेच मिळतं. मायलेज मॅन्युअलच्या जवळपास, क्लचप्लेट ओळखीची, दुरुस्ती झेपणारी. खोट एकच, गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते आणि मान पुढे जाते.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेल काम करतं. त्यामुळे गाडी लोण्यासारखी चालते आणि यंत्र वर्षानुवर्षं टिकतं. लहान गाड्यांत मात्र हे दुर्मिळ. जुनी होंडा ब्रिओ, पहिली ग्रँड आय१० आणि शेवटच्या काळातली १.० टीएसआय पोलो, यांच्यात ते होतं. पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे हा पर्याय हवा असेल तर बहुतेक वेळा जुन्या बाजारातच फिरावं लागतं.

सीव्हीटीत गिअर नसतातच, पुली आणि पट्टा असतो. होंडा जॅझ आणि २०२२ च्या आधीची बलेनो या त्यातल्या. आत्ताच्या १.२ आय२० मध्येही तेच आहे, ह्युंदाई त्याला आयव्हीटी म्हणते. गावात चालवायला यापेक्षा आरामाचं काही नाही. पण चढावर ॲक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी त्याच्या मागून येते. चालवण्याची हौस असलेल्याला ते खटकतं.

चौथा ड्युअल क्लच. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे ओढ तुटत नाही. मजेच्या बाबतीत हाच पहिला. आय२० एन लाइन, अल्ट्रोज डीसीए आणि जुनी पोलो जीटी टीएसआय ही त्याची उदाहरणं. इथे एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका: क्लच कोरडा की तेलातला? अल्ट्रोजचा तेलात बुडालेला, म्हणून लवकर तापत नाही. जुन्या पोलो जीटीचा कोरडा. कोरडा क्लच मोकळ्या रस्त्यावर उत्तम, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत आणि चढावर तो तापतो. हे मी वाचून नाही, भोगून सांगतोय.

सपाट रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेऊन निर्णय देणं

आमची पहिली ऑटोमॅटिक जुन्या बाजारातली, ड्युअल क्लचची होती. हायवेला काकतीपर्यंत नेऊन आणली, वाऱ्यासारखी पळाली, तिथेच व्यवहार ठरला. पावसाळ्यात गोव्याला गेलो. चोर्ला घाट जाताना उतार असतो, त्यामुळे काही कळलं नाही. परतताना केरी सोडल्यावर चढ लागला, पुढे भरलेला ट्रक, मागे गाड्यांची रांग, वेग माणसाच्या चालीचा. दोन वळणं झाली असतील नसतील, डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि गाडीने ओढणंच सोडलं. मुलगी मागे झोपलेली, बाहेर धुकं, मोबाइलला रेंज नाही. रस्त्याच्या कडेला चाळीस मिनिटं थांबलो, मग हळूहळू कणकुंबी गाठली. त्या चाळीस मिनिटांत बायको एक शब्द बोलली नाही. मला ते अजून आठवतं.

नंतर उद्यमबागेतल्या मेकॅनिकने स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लावला. तो म्हणाला, "काका, घ्यायच्या आधी आणायची की हो माझ्याकडं. जुने कोड पुसून दिलेत गाडीला." विकणाऱ्याला सगळं ठाऊक होतं.

म्हणून आता सांगतो, गाडी तुमच्या रस्त्यावर चालवा. संध्याकाळी रेल्वेचं दुसरं गेट पडलेलं असताना त्या रांगेत घ्या. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या चढाला न्या, मधेच थांबवा, ब्रेक सोडा आणि मागे किती सरकते ते पाहा. हिल होल्ड असेल तर गाडी एकदोन सेकंद धरून ठेवते, नसेल तर हँडब्रेकच्या जोरावरच निघावं लागतं. सर्वांत खरी परीक्षा घरच्या दारात असते. आपल्याकडे गटारावरच्या फरशीवरून उंच रॅम्प चढून गाडी आत घ्यावी लागते, तीही बहुधा रिव्हर्समध्ये. एएमटीची कसोटी तिथेच लागते. जिला ही गाडी रोज चालवायची आहे, तिनेच हे करून पाहावं. मी चालवून 'चांगली आहे' म्हणण्याला काही अर्थ नव्हता, हे मला उशिरा कळलं.

जुनी गाडी असेल तर सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघायला जा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. पहिल्या स्टार्टला डी (पुढे जायचा) आणि आर (रिव्हर्स) लावताना धक्का बसतो का, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरते का ते लक्ष देऊन अनुभवा. स्कॅनरला हजार-दीड हजार गेले तरी हात आखडता घेऊ नका.

मॅन्युअलच्या सवयीने ऑटोमॅटिक चालवणं

नवी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात येणाऱ्या बऱ्याच तक्रारी यंत्राच्या नसतात, पायाच्या असतात. डावा पाय क्लच शोधतो, त्याला रुंद ब्रेक सापडतो आणि गाडी जागीच थांबते, मागचा येऊन धडकतो. डावा पाय मागे, सीटच्या बाजूला ओढून बसा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्यानेच.

एएमटीत मान हलते अशी तक्रार असेल तर गिअर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सैल सोडा. आठवड्याभरात तो क्षण कानाला कळायला लागतो. क्लच बदलल्यावर धक्के वाढले असतील तर स्कॅनर लावून गिअरबॉक्सला क्लचची नवी जागा शिकवावी लागते. हे काम राहून गेलं म्हणून नवी क्लचप्लेट पुन्हा उतरवल्याचं मी पाहिलंय.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरणं ही सर्वांत महागाची सवय. जळका वास आला म्हणजे क्लच जळतोय समजा. ब्रेक दाबून थांबा, पुढे गाडीभर जागा झाली की एकदम निघा. आणि घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका. एम मध्ये, म्हणजे हाताने गिअर बदलायच्या मोडमध्ये, दुसरा गिअर धरा किंवा सीव्हीटीत एल (लो) लावा, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत.

मजा म्हणजे हॉर्सपॉवर समजणं

आय२० एन लाइनचे १२० पीएस मोहात पाडतात आणि ती गाडी खरोखर सुंदर चालते. पण जांबोटीच्या वळणांवर मजा येते ती हलक्या अंगामुळे आणि सरळ सांगणाऱ्या स्टीअरिंगमुळे. स्विफ्टला ८२ पीएसच आहेत, पण वजन हजार किलोच्या आत. एम मोडमध्ये गिअर आपल्या हातात घेतला की तीच गाडी वेगळी वाटते. इग्निस दिसायला काहींना आवडत नाही, मला आवडते. तिचा १८० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स गावाकडच्या स्पीडब्रेकरवर आणि ऊस हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर कामाला येतो. मोठ्या अलॉय व्हीलवरचे पातळ टायर खड्ड्यात कडेला फाटतात. तेव्हा एक व्हेरिएंट खालचं घेऊन जाड टायर मिळत असतील तर तेच घ्या.

एमएच-०९ (कोल्हापूर पासिंग) स्वस्त दिसते म्हणून उचलणं

सीमाभागात राहणाऱ्याला हा मोह होणारच. निपाणीहून कोल्हापूर तासाभरावर, तिथे गाड्या भरपूर आणि भाव कमी. तो कमी का, तेही समजून घ्या. पाच ते दहा लाखांच्या गाडीला कर्नाटकात आजीवन कर १४ टक्के आणि वर उपकर. महाराष्ट्रात तशाच पेट्रोल गाडीला ११ टक्के. शिवाय ती गाडी आपल्याकडच्या केए-२२ किंवा केए-२३ नंबरावर आणताना गाडीच्या वयानुसार इथला कर पुन्हा भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो मूळ मालकाच्या खात्याशी आणि सह्यांशी अडकलेला असतो. व्यवहाराच्या वेळीच त्याच्याकडून लिहून घेतलं नाही तर नंतर फोन उचलला जात नाही.

पैसे देण्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत), म्हणजे फॉर्म २८, हातात हवी. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा, आरसीवरचा बोजा उतरलेला दिसला पाहिजे. मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, नव्या नंबरासाठी २७. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे. 'सगळेच चालवतात की तशी' हे उत्तर नाक्यावर चालत नाही. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो.

आणखी एक हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, त्याआधी तो २८ टक्के होता आणि वर उपकर. जुन्या गाडीचा मालक आधीच्या किमतीवर भाव सांगत असेल तर नव्या गाडीचं आजचं कोटेशन त्याच्यापुढे ठेवा. कर, स्कॅनर, टायर, बॅटरी धरून फरक लाख-सव्वा लाखावर आला तर मी नवीच घेईन. दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं, साधी एएमटी घेतली.

सर्व्हिसचंही याच वेळी विचारा. गिअरबॉक्सचं काम बेळगावात होतं, की गाडी कोल्हापूर-हुबळीला न्यावी लागते? शंभरेक किलोमीटर टो करून नेलेली गाडी दुसरी गाडी म्हणून उपयोगाची नाही.

दुसरी गाडी उभी करून विसरणं

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा धो-धो पावसात ही गाडी आठवडाआठवडा हलत नाही. मग बॅटरी उतरते आणि ऑटोमॅटिक ढकलून चालू होत नाही. गल्लीतली दहा पोरं मदतीला आली तरी नाही. जंपर केबल डिकीत ठेवा आणि दर तीनचार दिवसांनी वीसेक मिनिटं चालवून आणा. जागेवर इंजिन चालू ठेवल्याने बॅटरी नीट भरत नाही.

पावसात जास्त दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे ब्रेक चिकटतात. चाकाला वीट लावा आणि गाडी पी (पार्किंग) मध्ये ठेवा. एएमटीत पी नसतो, तिथे डी किंवा आर मध्येच इंजिन बंद करायचं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. टाकी तळाला नेऊन गाडी उभी करू नका. एप्रिल २०२३ च्या आधीची जुनी गाडी घेत असाल तर तिचे पेट्रोलचे पाइप आणि सील इथेनॉलने खराब झालेत का ते तपासून घ्या.

बॅटरी पूर्ण उतरली की ज्या गाड्यांत पी आहे, त्यांचा लिव्हर बहुधा पी मधून निघतच नाही आणि माणूस घाबरून जोर लावतो. जोर लावू नका. लिव्हरशेजारी बहुतेक गाड्यांत एक छोटं झाकण असतं. ते काढून आत किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबला की लिव्हर सुटतो. आधी हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवा, मगच हे करा. गाडी ताब्यात घेताना ते झाकण कुठे आहे हे दाखवून घ्या आणि घरात जो जो गाडी चालवणार आहे त्याच्या हातून एकदा करवून घ्या.